प्लगिन, लायब्ररी आणि त्यांचे पत्ते: संगीताचा संगणक पहिल्यापासून नीट लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप, आत ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी रॅम, जोडीला १ टीबीचा बाहेरून लावायचा एसएसडी. जुन्या संगणकावर कॉन्टॅक्टच्या (रेकॉर्ड केलेले ध्वनी वाजवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सॅम्पलर) लायब्ऱ्या, ऑम्निस्फिअर (सिंथ) आणि बरीचशी मोफत प्लगिन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) चार ठिकाणी विखुरलेली. जुने प्रोजेक्ट (गाण्यांच्या फाइली) उघडले की सॅम्पल (वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या ध्वनींचे तुकडे) सापडत नाहीत, काही वाद्यं यादीत दिसतच नाहीत. नव्या मशीनवर हे सगळं कसं लावायचं?

ज्याला आपण सरसकट ‘तबल्याचं प्लगिन’ म्हणतो त्यात खरं तर तीन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष प्लगिनची फाइल. ती बहुतेक वेळा काही एमबींची असते आणि डीएडब्ल्यू (गाणं रेकॉर्ड करून बांधायचं मुख्य सॉफ्टवेअर) तीच उघडतो. दुसरी वस्तू म्हणजे ध्वनींचा साठा, म्हणजे लायब्ररी. ती काही जीबींपासून शेकडो जीबींपर्यंत जाते. तिसरी म्हणजे लायसन्स. या तिघांना एकमेकांचा फक्त पत्ता ठाऊक असतो. प्रोजेक्ट प्लगिनला ओळखतो, प्लगिन लायब्ररीचा पत्ता लक्षात ठेवतं, लायसन्स बहुधा त्या विशिष्ट संगणकाला बांधलेलं असतं. तुमच्या जुन्या संगणकावरच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी यांपैकी कोणाचा तरी पत्ता बदलल्यामुळे आलेल्या आहेत. म्हणून एकही इन्स्टॉलर चालवण्याआधी पत्ते ठरवून घ्या. त्यात अर्धा तास गेला तरी चालेल.

सुरुवात बाहेरच्या एसएसडीपासून करा. असे एसएसडी बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. तो मॅकवर कधीच लावायचा नसेल तर रिकामा असतानाच एनटीएफएस फॉरमॅट करा. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (लिहिण्याआधी बदलाची नोंद ठेवणं) नसतं, त्यामुळे लिहिण्याचं काम चालू असताना केबल निघाली तर फाइल खराब व्हायची शक्यता जास्त. जुना फॅट३२ डिस्क तर लायब्रऱ्यांसाठी वापरूच नका. तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि लायब्ररीच्या गठ्ठा बांधलेल्या फाइली ती मर्यादा ओलांडू शकतात.

मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कवर उजवं क्लिक करा, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ घ्या आणि तिला ‘एस’ सारखं इंग्रजी वर्णमालेच्या शेवटाकडचं अक्षर द्या. विंडोज नव्या डिस्कला डी, ई, एफ असं जे पहिलं मोकळं अक्षर असेल ते देऊन टाकतं. आज लायब्ररी ‘ई’ वर आहे; उद्या आधी पेन ड्राइव्ह लावला आणि मग एसएसडी, की तीच लायब्ररी ‘एफ’ वर जाते आणि कॉन्टॅक्ट सॅम्पल हरवल्याचं सांगू लागतं. फाइली जागेवरच असतात, फक्त घराचा नंबर बदललेला असतो. तुमच्या ‘सॅम्पल मिसिंग’ तक्रारीचं हे कारण सर्वांत आधी तपासा.

केबलकडेही बघा. मोबाइल चार्ज करायच्या पुष्कळशा टाइप-सी केबल आतून यूएसबी २ च्याच असतात आणि त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबीच जातात. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असा एक आवाज डिस्कवरून वाजवायला सेकंदाला सुमारे ०.२६ एमबी लागतात. तंतुवाद्यांचा ताफा, पेडल दाबलेला पियानो आणि तीन माइकच्या जागा असलेला तबला एकत्र वाजला की २०० आवाज सहज होतात, म्हणजे सेकंदाला ५३ एमबी. यूएसबी २ ची केबल तिथेच कोलमडते आणि कडकड ऐकू येते. तोच एसएसडी योग्य केबलने, यूएसबी ३ च्या पोर्टला लावला की निवांत चालतो. या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते: लायब्ररीसाठी सर्वांत महागडा, सर्वांत वेगवान एसएसडी घ्यायची गरज नाही, साधा साटा एसएसडीही पुरतो. फिरती हार्ड डिस्क मात्र नको. तिचा सलग वाचनाचा वेग पुरेसा असला तरी शेकडो सॅम्पल शेकडो जागांवरून उचलताना तिचं डोकं दर वेळी हलवावं लागतं आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. तिला बॅकअपसाठी ठेवा.

आता एस ड्राइव्हवर फोल्डर करा: एक कॉन्टॅक्टच्या लायब्ऱ्यांसाठी, एक स्पेक्ट्रासॉनिक्ससाठी (ऑम्निस्फिअरची कंपनी), एक स्वतःचं इंजिन असलेल्या इतर वाद्यांसाठी, एक स्वतः रेकॉर्ड केलेल्या आणि विकत घेतलेल्या लूप-सॅम्पलसाठी, एक इन्स्टॉलर जपून ठेवण्यासाठी. फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मोकळ्या जागा न सोडता लिहा. मराठीचा अभिमान इथे बाजूला ठेवावा लागतो, कारण काही जुने इन्स्टॉलर आणि सॅम्पलर देवनागरी नावाच्या पत्त्यावर अडखळतात. विंडोजचं युजर अकाउंटही त्याच कारणासाठी इंग्रजी अक्षरांत उघडा; अकाउंटच्या फोल्डरचं नाव नंतर बदलणं कटकटीचं असतं. नावं छोटी ठेवायचं कारण वेगळं आहे. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि लायब्ररीच्या झिप किंवा रार फाइलींत फोल्डरात फोल्डर असे पाच-सहा थर असतात. डेस्कटॉपवर उलगडायला गेलात तर आतल्या काही फाइली उलगडतच नाहीत.

लायब्ररी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवू नका. नव्या विंडोजवर तो फोल्डर बहुतेक वेळा वनड्राइव्हशी जोडलेला असतो. जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह फाइली फक्त ऑनलाइन ठेवतो, मग प्लगिनला नाव दिसतं पण आतला ध्वनी मिळत नाही. प्रीसेट मात्र अनेक प्लगिन डॉक्युमेंट्समध्येच ठेवतात आणि कॉन्टॅक्टचे स्नॅपशॉटही (वाद्याची जतन केलेली सेटिंग) तिथेच जातात. म्हणून इन्स्टॉल सुरू करण्याआधीच वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्सचं सिंकिंग थांबवा. नंतर थांबवलंत तर फोल्डरचा पत्ता बदलतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

प्लगिनच्या फाइलींबाबत उलटा नियम: त्या आतल्या सी ड्राइव्हवर, ठरलेल्या जागीच राहू द्या. व्हीएसटी३ (प्लगिनचा सध्याचा प्रचलित फॉरमॅट) ची जागा ठरलेली आहे: प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. क्लॅप या दुसऱ्या फॉरमॅटची जागा शेजारीच, कॉमन फाइल्समधला क्लॅप फोल्डर. इथे स्वतःचं वर्गीकरण करायला जाऊ नका. कंपनीनुसार किंवा वाद्यानुसार उपफोल्डर करून फाइली हलवल्या की पुढच्या अपडेटला इन्स्टॉलर नवी प्रत मूळ जागी टाकतो. मग यादीत एकच वाद्य दोनदा दिसतं आणि कुठली प्रत चालू आहे ते कळत नाही. वर्गीकरण डीएडब्ल्यूच्या आत करायचं असतं, त्याकडे पुढे येतो.

व्हीएसटी२ चं, म्हणजे त्याच्या आधीच्या फॉरमॅटचं, प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. त्याला ठरलेली जागा कधीच नव्हती, म्हणून एक इन्स्टॉलर ‘व्हीएसटीप्लगिन्स’ फोल्डरात टाकतो, दुसरा स्टाइनबर्गच्या फोल्डरात, तिसरा कॉमन फाइल्समध्ये. तुमची चार ठिकाणं त्यातूनच आली. व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्गने व्हीएसटी२ चं विकासकिट (प्लगिन लिहिणाऱ्यांसाठीची साधनं) २०१८ मध्येच बंद केलं, त्यामुळे नव्या कामात व्हीएसटी३ च घ्या. इन्स्टॉलर फॉरमॅट विचारतो त्या पानावर एएएक्सची खूण काढा (ते फक्त प्रो टूल्स या डीएडब्ल्यूसाठी), ३२ बिटची काढा. व्हीएसटी२ फक्त तेवढ्याच प्लगिनचं ठेवा ज्यांच्यावर तुमचे जुने प्रोजेक्ट उभे आहेत, आणि ती सगळी प्रोग्रॅम फाइल्समधल्या एकाच व्हीएसटीप्लगिन्स फोल्डरात जाऊ द्या. डीएडब्ल्यूला स्कॅनसाठी (प्लगिन शोधून तपासण्यासाठी) तोच एक फोल्डर दाखवा. अख्खा प्रोग्रॅम फाइल्स दाखवला तर स्कॅनर प्लगिन नसलेल्या शेकडो डीएलएल फाइलीही उघडून बघतो, कुठेतरी अडकतो आणि वेळ खातो.

क्रम असा ठेवा. आधी विंडोजचे सगळे अपडेट आणि रीस्टार्ट. मग ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि स्पीकर जोडायच्या यंत्राचा) स्वतःचा एसियो ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमीत कमी उशिराने आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर. मग डीएडब्ल्यू. मग कंपन्यांचे मॅनेजर, म्हणजे प्लगिन आणि लायसन्स उतरवून सांभाळणारी अॅप: नेटिव्ह अॅक्सेस (कॉन्टॅक्टसाठी), स्पिटफायरचं अॅप, आयलॉक लायसन्स मॅनेजर, जे लागतील ते. आणि मॅनेजर उघडला की काहीही डाउनलोड करण्याआधी त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये जा.

नेटिव्ह अॅक्सेसमध्ये तिथे डाउनलोड, अॅप्लिकेशन, कंटेंट आणि व्हीएसटी२ अशा जागा वेगवेगळ्या विचारलेल्या असतात. अॅप्लिकेशन सी ड्राइव्हवर राहू द्या. कंटेंटला एस ड्राइव्हवरचा कॉन्टॅक्टचा फोल्डर द्या. इथे काही न बदलता पुढे गेलात तर लायब्ऱ्या सी ड्राइव्हवरच्या ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’मध्ये जातात आणि ५१२ जीबी बघता बघता भरतात. जुन्या संगणकावरची लायब्ररी पुन्हा उतरवायची गरज नाही. तिचा पूर्ण फोल्डर एस ड्राइव्हवर कॉपी करा, नेटिव्ह अॅक्सेसमध्ये त्या लायब्ररीपुढे ‘लोकेट’ निवडा आणि नवा फोल्डर दाखवा. पत्ता तिथे एकदा दुरुस्त झाला की त्या लायब्ररीवर बांधलेले जुने प्रोजेक्टही तिला आपोआप शोधून घेतात.

हे फक्त कॉन्टॅक्ट प्लेअरसाठी (कॉन्टॅक्टची मोफत आवृत्ती) नोंदवलेल्या लायब्ऱ्यांना लागू. छोट्या कंपन्यांच्या, विशेषतः भारतीय वाद्यांच्या पुष्कळ लायब्ऱ्या ‘खुल्या’ असतात. त्या नेटिव्ह अॅक्सेसमध्ये दिसत नाहीत, कॉन्टॅक्टच्या फाइल्स विभागातून उघडाव्या लागतात, आणि मोफत प्लेअरमध्ये उघडल्या तर १५ मिनिटांनी बंद पडतात. तिथे बिघाड काहीच नसतो. त्यांना पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं. ढोलकी किंवा संबळाची लायब्ररी घेण्याआधी तिच्या पानावर ‘फुल कॉन्टॅक्ट’ लिहिलंय का ते नक्की वाचा.

खुली लायब्ररी हलवल्यावर कॉन्टॅक्ट सॅम्पल हरवल्याची खिडकी दाखवतं. तिथे ‘ब्राउझ फॉर फोल्डर’ घेऊन लायब्ररीचा मूळ फोल्डर दाखवा. पूर्ण डिस्कचा शोध घ्यायला सांगू नका; त्याला वेळ लागतोच, शिवाय त्याच नावाची दुसऱ्या लायब्ररीतली सॅम्पल सापडली तर ती गळ्यात बांधली जाते. प्रत्येक वाद्य उघडताना हीच खिडकी येत असेल तर कॉन्टॅक्टच्या फाइल मेन्यूतलं ‘बॅच री-सेव्ह’ त्या लायब्ररीच्या फोल्डरवर चालवा. ते सगळ्या वाद्यांत नवा पत्ता लिहून टाकतं, आणि त्यानंतर लोड होण्याचा वेळही कमी होतो. पण त्याआधी लायब्ररीची प्रत काढा आणि एक धोका लक्षात घ्या: नव्या कॉन्टॅक्टने सेव्ह केलेलं वाद्य जुन्या कॉन्टॅक्टमध्ये उघडत नाही. तुमचा अरेंजर किंवा मिक्सिंग करणारा जुन्या आवृत्तीवर असेल आणि दोघे एकच डिस्क वापरत असाल, तर बॅच री-सेव्ह जुन्या आवृत्तीनेच करा.

ऑम्निस्फिअर २ चा साठा सुमारे ६४ जीबींचा असतो आणि तो ‘स्टीम’ नावाच्या फोल्डरात राहतो. विंडोजवर त्याची मूळ जागा प्रोग्रॅमडेटामधल्या स्पेक्ट्रासॉनिक्स फोल्डरात, आणि प्रोग्रॅमडेटा लपवलेला असतो. पूर्ण स्टीम फोल्डर एस ड्राइव्हवर न्या, त्याचा शॉर्टकट करा आणि तो शॉर्टकट मूळ जागी ठेवा. विंडोज शॉर्टकटच्या नावात स्वतःहून ‘शॉर्टकट’ हा शब्द जोडतं. तो पुसून नाव नेमकं मूळ फोल्डरसारखंच करा. एवढा एक शब्द राहिला तरी ऑम्निस्फिअर साठा सापडत नाही म्हणून सांगतं, आणि लोक पूर्ण साठा पुन्हा उतरवत बसतात.

डाउनलोडसाठी जागा दुप्पट धरा. ४० जीबींची लायब्ररी उलगडताना गठ्ठा आणि उलगडलेल्या फाइली दोन्ही एकाच वेळी डिस्कवर असतात, म्हणजे ८० जीबी मोकळे हवेत. अनेक भागांतला रार असेल तर सगळे भाग एका फोल्डरात ठेवून फक्त पहिला उलगडा, बाकीचे तो स्वतः ओढतो. सीआरसी एरर (फाइल उतरताना खराब झाल्याची खूण) आली तर ज्या भागाचं नाव दाखवलंय तेवढाच पुन्हा उतरवा.

प्लगिन एका बैठकीत तीस टाकू नका. तीन-चार टाका, डीएडब्ल्यू उघडा, प्रत्येकातला एखादा स्वर वाजवा, प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करा, पुन्हा उघडा. पुन्हा उघडल्यावर आवाज आला तरच ते नीट बसलं. तीस एकदम टाकल्यावर स्कॅन अडकलं तर गुन्हेगार शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता यादीत न दिसणाऱ्या वाद्यांबद्दल. नेहमीची कारणं चार. पहिलं, प्लगिन ३२ बिटचं आहे. त्याची ६४ बिटची आवृत्ती शोधा आणि नसेल तर ते सोडून द्या, ३२ बिटचं प्लगिन ६४ बिटच्या डीएडब्ल्यूत चालवणाऱ्या ‘ब्रिज’ सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका. दुसरं, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रनटाइम (अनेक प्लगिन चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच) नव्या संगणकावर नाही. मोफत प्लगिनचे साधे झिप ते सोबत देत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ६४ बिटचं रनटाइम टाका. तिसरं, स्कॅन चालू असताना प्लगिनने लायसन्सची खिडकी उघडली आणि ती मागे लपली. ऑल्ट-टॅब करून बघा. चौथं सर्वांत फसवं: पहिल्या वेळी प्लगिन खरंच बिघडलेलं होतं, तुम्ही ते दुरुस्त केलं, पण डीएडब्ल्यूने ते नाव काळ्या यादीत टाकून ठेवलंय आणि आता तिकडे बघतच नाही.

ती यादी पुसायची सोय प्रत्येक डीएडब्ल्यूत वेगळ्या जागी आहे. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या व्हीएसटी पानावर कॅशे पुसून पुन्हा स्कॅन करायचा पर्याय आहे. क्यूबेसमध्ये व्हीएसटी प्लगिन मॅनेजरमधल्या ब्लॉकलिस्टवरून प्लगिन परत चालू करता येतं. एफएल स्टुडिओत ‘मॅनेज प्लगिन्स’मध्ये एरर आलेली प्लगिन पुन्हा तपासायची खूण असते. एबलटन लाइव्हमध्ये ऑल्ट दाबून ठेवून ‘रीस्कॅन’ करा, म्हणजे तो सगळं मुळापासून तपासतो.

मॅकवाल्यांसाठी एवढंच: लॉजिक हे डीएडब्ल्यू फक्त ऑडिओ युनिट (अॅपलचा प्लगिन फॉरमॅट) ओळखतं, व्हीएसटी३ टाकून ते तिथे दिसणार नाही. आणि अॅपल सिलिकॉनच्या मॅकवर फक्त इंटेलसाठी बांधलेलं व्हीएसटी, नेटिव्ह (थेट अॅपल सिलिकॉनवर) चालणाऱ्या बहुतेक डीएडब्ल्यूंत दिसत नाही.

१६ जीबी रॅमबद्दल काळजी करू नका, पण कॉन्टॅक्टची मेमरी सेटिंग समजून घ्या. कॉन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतं, बाकीचा वाजवताना डिस्कवरून ओढतं. तो तुकडा मुळात ६० केबीचा असतो. १०,००० सॅम्पलच्या वाद्याला त्यामुळे ६०० एमबी रॅम लागते. एसएसडीवर हा तुकडा १२ केबीपर्यंत आणता येतो, मग तेच वाद्य १२० एमबीत बसतं. कडकड ऐकू आली तर १८, २४ असं थोडं थोडं वाढवत न्या. याशिवाय ‘पर्ज’ आहे: गाणं पूर्ण बांधून झालं की न वाजलेली सॅम्पल रॅममधून काढून टाकता येतात. तबल्याच्या लायब्ररीत प्रत्येक बोलाचे अनेक फेरबदल भरलेले असतात आणि एका गाण्यात त्यातले थोडेच वाजतात, त्यामुळे तिथे फरक मोठा पडतो.

वर्गीकरण डीएडब्ल्यूच्या आत, आणि कंपनीच्या नावाने मुळीच नको. गाणं बांधताना डोक्यात ‘इथे हलगी हवी’ असं येतं, कंपनीचं नाव येत नाही. रीपरच्या एफएक्स ब्राउझरमधले फोल्डर, क्यूबेसमधली कलेक्शन्स, लाइव्हमधल्या रंगीत कलेक्शन्स, एफएलमधली फेव्हरिट्स यांत चर्मवाद्यं, टाळ-झांज, फुंकवाद्यं, तंतुवाद्यं, पेटी-ऑर्गन, सिंथ असे कप्पे करा. त्यांच्यापुढे ‘नेहमीची’ असा एक कप्पा ठेवा आणि त्यात वीस-पंचवीसच्या वर काही जाऊ देऊ नका. पण एकट्या कॉन्टॅक्टमध्येच ढोलकीपासून व्हायोलिनपर्यंत सगळं असतं, म्हणून प्लगिनची यादी लावून काम संपत नाही. प्रत्येक आवडतं वाद्य कॉन्टॅक्टसकट ट्रॅक टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा: आवाजाची पातळी, रिव्हर्बचा सेंड, रंग आणि नाव सगळं आत. पुढच्या वेळी ‘ढोलकी’ ओढली की ती थेट वाजायला तयार.

गायकांसोबत काम करत असाल तर तंबोरा, स्वरमंडळ आणि लूपच्या नावांत पट्टी लिहा. पांढरी १ म्हणजे सी, काळी १ म्हणजे सी शार्प, काळी ४ म्हणजे जी शार्प, काळी ५ म्हणजे ए शार्प. गायिका ‘काळी पाच’ म्हणाली की त्याच शब्दांनी शोधता आलं पाहिजे. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरांत ‘के५’ लिहिलं तरी पुरतं.

लायसन्सच्या बाबतीत घाई नको. जुना संगणक फॉरमॅट करण्याआधी त्यावरची प्रत्येक लायसन्स तिथूनच डीअॅक्टिव्हेट करा. आयलॉकची लायसन्स संगणकावर, यूएसबी डोंगलवर (लायसन्स साठवणारी छोटी यूएसबी किल्ली) किंवा क्लाउडवर ठेवता येते. क्लाउडला काम चालू असेपर्यंत इंटरनेट लागतं, म्हणून कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन जाणार असाल तर ते लायसन्स डोंगलवर किंवा संगणकावर हलवा. क्रॅक केलेली प्लगिन नव्या मशीनवर आणूच नका. त्यांच्यासोबत मालवेअर येतं, ती अपडेट होत नाहीत, आणि स्कॅन अडकण्याच्या तक्रारींमागे वारंवार तीच सापडतात.

शेवटी जुने प्रोजेक्ट. व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३ ही एकाच वाद्याची रूपं असली तरी प्रोजेक्टच्या दृष्टीने बहुधा दोन वेगळी प्लगिन असतात. व्हीएसटी२ वर बांधलेलं गाणं व्हीएसटी३ आपोआप घेईलच याची खात्री नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोपर्यंतच, जे प्रोजेक्ट पुन्हा लागू शकतात ते त्यावर उघडा. प्रत्येक वाद्याच्या ट्रॅकचा २४ बिट वेव्ह बाउन्स (प्लगिनचा आवाज पक्का करून काढलेली ऑडिओ फाइल) काढा, सगळे बाउन्स गाण्याच्या पहिल्या बारपासून सुरू करा म्हणजे ते जुळवावे लागत नाहीत. सोबत मिडी फाइल (कुठला स्वर कधी वाजला याची नोंद) एक्स्पोर्ट करा आणि प्रत्येक वाद्यातला आवाज प्रीसेट किंवा स्नॅपशॉट म्हणून त्याच गाण्याच्या नावाने सेव्ह करा. एका मजकुराच्या फाइलीत टेम्पो, पट्टी आणि वापरलेल्या प्लगिनची आवृत्ती लिहून ती गाण्याच्या फोल्डरात टाका. हा फोल्डर, डॉक्युमेंट्समधले प्रीसेट आणि तुमची स्वतःची रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर बॅकअप करा. विकत घेतलेली लायब्ररी पुन्हा उतरवता येते, हे परत मिळत नाही. प्रत्येक फोल्डर नव्या लॅपटॉपवर एकदा उघडून, वाजवून बघितल्यावरच जुना संगणक पुसायला घ्या.